यमाताराजभानसलगा, तीन बिट आणि एक क्लॉक : प्रकल्प नोंदी

५ जुलै

या महिन्यात एकच काम हातात घ्यायचं ठरवलंय, मॉड्युलर सिंथमधल्या (वेगवेगळी मॉड्यूल केबलने जोडून बनणारं आवाजाचं यंत्र) गेट सिग्नलशी नीट ओळख करून घ्यायची. आतापर्यंत गेट म्हटलं की मी क्लॉकमधून (ठराविक अंतराने ठोके देणारं मॉड्यूल) काढायचे आणि एन्व्हलपला (आवाजाचा चढ-उतार ठरवणारं मॉड्यूल) लावायचे, विषय संपला. पण गेटमध्ये ऑन आणि ऑफ अशा दोनच गोष्टी असतात, त्यामुळे आवाज मिक्स करतो तसे ते मिक्स करण्यात काही अर्थ नसतो, त्यांना प्रश्न विचारायचे असतात. दोन्ही ऑन आहेत का, हा अँड. एक तरी ऑन आहे का, हा ऑर. दोघं वेगवेगळे आहेत का, हा एक्सॉर, आणि मला सगळ्यात जास्त आवडतो तो हाच, कारण एकाच क्लॉकचे भागिले २ आणि भागिले ३ असे दोन गेट एक्सॉरला दिले की बाहेर येणारा ताल त्या दोघांपैकी कुणाचाच नसतो तरी दोघांशी जुळून असतो.

आज शिफ्ट रजिस्टर लावला. ज्यांनी वापरला नाही त्यांच्यासाठी, तीन माणसं रांगेत उभी आहेत, प्रत्येकाच्या हातात दिवा आहे, पेटलेला नाहीतर विझलेला. क्लॉकचा ठोका पडला की प्रत्येकाने आपल्या मागच्याचा दिवा जसा असेल तसा आपला करायचा, आणि सगळ्यात मागच्याने बाहेरून जे सांगितलं जाईल ते करायचं. बस, एवढंच. रॉब होर्डाइक यांच्या रंगलर सर्किटमध्ये असाच आठ घरांचा रजिस्टर आहे आणि त्यातली शेवटची तीन घरं घेऊन त्यांचं व्होल्टेज बनवलेलं आहे. मला आठ नकोत, तीनच घेते, म्हणजे काय होतंय ते कागदावर मांडता येईल.

पॅच, म्हणजे केबलची जोडणी, असा: पहिलं घर आणि तिसरं घर एक्सॉरला, एक्सॉरचं उत्तर परत पहिल्या घराच्या डेटाला. स्वतःच स्वतःला खायला घालणारी रांग. सात ठोक्यांचं चक्र येतंय (१ म्हणजे ऑन, ० म्हणजे ऑफ), ० १ १ १ ० १ ०, आणि पुन्हा तेच. छान लंगडतं. तासभर ऐकत बसले.

७ जुलै

काल रात्री झोपताना ते चक्र डोक्यात वाजत होतं आणि मी नकळत ० ला ल आणि १ ला गा म्हणत होते. ल गा गा गा ल गा ल. आणि एकदम उठून बसले, कारण हे तर शाळेत पाठ केलेलं यमाताराजभानसलगा आहे!

ज्यांनी वृत्तं शिकून विसरली असतील त्यांच्यासाठी परत लिहिते. लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. तीन-तीन अक्षरांचा एक गण, आणि लघु-गुरूच्या तीन जागा म्हणजे आठच गण होतात. कुठला गण कसा ते आठवायचं असेल तर यमाताराजभानसलगा म्हणायचं आणि त्या अक्षरापासून पुढची तीन अक्षरं घ्यायची. यमाता म्हणजे ल गा गा, तो य गण. मातारा, गा गा गा, म गण. ताराज हा त, राजभा हा र, जभान हा ज, भानस हा भ, नसल हा न, सलगा हा स. दहा अक्षरांच्या एका ओळीत आठही गण, एकमेकांवर चढलेले.

आता शिफ्ट रजिस्टरकडे बघा. तीन घरं म्हणजे तीन अक्षरांची खिडकी. प्रत्येक ठोक्याला खिडकी एक अक्षर पुढे सरकते. सूत्रातला आणि रजिस्टरमधला विचार एकच आहे, एकाच वस्तूची दोन नावं म्हणावीत इतका एक! शेवटचे ल आणि गा म्हणजे सुरुवातीचे य आणि मा पुन्हा आलेले, म्हणजे गोल जोडलं तर आठ अक्षरांचं चक्र होतं, ० १ १ १ ० १ ० ०.

गणितात याला डी ब्रॉइन चक्र म्हणतात, निकोलास डी ब्रॉइन यांचा १९४६ सालचा पेपर आहे त्यावरून. तीन बिटांसाठी (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) अशी चक्रं फक्त दोनच निघतात आणि त्यातलं एक आपण शाळेत घोकलेलं असतं. मला हे इतकं भारी वाटतंय की आज दुसरं काही लिहायला सुचत नाहीये.

८ जुलै

पण माझं चक्र सातचं आहे, आठचं नाही. खिडक्या मोजल्या. य आहे, म आहे, त, र, ज, भ, स आहेत. न गण नाही. तीन लघु एकापाठोपाठ कधीच येत नाहीत.

कारण शोधायला वेळ लागला नाही. तिन्ही घरं शून्य झाली की एक्सॉरला दोन शून्यं मिळतात, ती सारखी आहेत म्हणून उत्तर शून्य, म्हणजे पुढचंही शून्य, त्याच्या पुढचंही शून्य. एकदा न गणात शिरलं की बाहेर पडायला दारच नाही. रिसेट दाबलं की पॅच मुका होतो तो यामुळेच, आणि आतापर्यंत मी दर वेळी हाताने एक गेट आत ढकलून तो सुरू करत होते.

म्हणजे मला असा नियम हवाय की भ गणानंतर (१ ० ०) पुढचं अक्षर लघु यावं आणि न गणानंतर (० ० ०) गुरू यावं, बाकी सगळं आहे तसंच. आठ ओळींचा तक्ता मांडला. तीन घरांना नावं दिली, जुनं, मधलं, नवं. जुनं घर म्हणजे आत्ता वाजत असलेलं अक्षर, पुढची दोन म्हणजे अजून वाजायची अक्षरं. तक्त्यातून जे निघालं ते इतकं साधं आहे की दोनदा तपासलं: मधलं उलटं करा, ते आणि नवं यांचा ऑर घ्या, त्या उत्तराचा जुन्याशी एक्सॉर करा. आधी नुसत्या नव्याचा जुन्याशी एक्सॉर होता, आता मध्ये एक ऑर आणि एक नॉट आला, इतकाच फरक.

हाताने चालवून बघितलं, न स य म त र ज भ आणि परत न. आठही, प्रत्येक एकदाच.

९ जुलै

लॉजिक मॉड्यूलवर पॅच केलं आणि पहिल्याच फटक्यात चाललं. रिसेट दाबा, काहीही करा, बंद पडत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं, रिसेट म्हणजे न गण, म्हणून रिसेटनंतरचा पहिला ठोका स वर पडतो आणि दुसऱ्याला य येतो. मुख्य तालाच्या आधी एक ठोका जास्तीचा. मला तो आवडला, ठेवणार आहे.

केबल मात्र अकरा लागल्या आणि पॅच मोडायची हिंमत होत नाहीये. याचं स्वतःचं मॉड्यूल बनवायचं.

१२ जुलै

ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी. सीडी४०१५ हा आयसी (चिप) शिफ्ट रजिस्टरसाठी (त्यात चार-चार घरांचे दोन असतात, मला एकातली तीन घरं पुरे), सीडी४०७० एक्सॉरसाठी. ऑरचा आयसी नव्हता, सीडी४०९३ होता, म्हणजे चार नँड (नँड म्हणजे अँडचं उत्तर उलटं केलेलं). इथे डी मॉर्गनचा नियम कामाला आला, उलट्या मधल्याचा आणि नव्याचा ऑर म्हणजेच मधलं आणि उलटं नवं यांचा नँड. दोन नँडमध्ये काम झालं, दोन शिल्लक. हे ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले होते हे मला आज कळलं, आणि लघु-गुरूच्या सर्किटमध्ये त्यांचा नियम वापरताना हे कळावं याचं फार बरं वाटलं.

चालू केलं तर काहीच नाही. दिवे ढिम्म. एक तास वायरिंग तपासलं, सगळं बरोबर. मग स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) क्लॉक बघितला आणि कळलं. सीडी४००० मालिकेतले आयसी ३ ते १८ व्होल्टवर चालतात म्हणून मी त्यांना रॅकचे १२ व्होल्ट दिलेत, पण मग ते ऑन कशाला म्हणणार तेही साधारण त्याच्या निम्म्यावर ठरतं, सहा-सात व्होल्टच्या आसपास. माझा क्लॉक मॉड्यूल देतो ५. म्हणजे मी ऑन म्हणतेय आणि आयसी ऑफ ऐकतोय.

उपाय, आत येणाऱ्या प्रत्येक गेटला एक एनपीएन ट्रान्झिस्टर. जॅकपासून बेसपर्यंत १०० के (किलोओहमचा रेझिस्टर), बेसपासून ग्राउंडला ४७ के, कलेक्टरला वरून १० के. हिशोब केला तर दोन व्होल्टच्या जरा खालीच ट्रान्झिस्टर चालू होतो, म्हणजे ५ व्होल्टचा गेट असो की १० चा, दोन्ही चालतात. कुणी चुकून उणे व्होल्टेज असलेला एलएफओ (हळू हेलकावणारा सिग्नल) लावला तर बेस सांभाळायला उलटा एक १एन४१४८ डायोड. ट्रान्झिस्टर सिग्नल उलटा करतो, त्याच्यामागे सीडी४०१०६ चा एक श्मिट इन्व्हर्टर, तो परत सुलटा करतो. श्मिट हवाच, कारण हळू चढणारा सिग्नल उंबरठ्यावर थरथरतो आणि एका ठोक्याचे तीन-चार ठोके मोजले जातात.

१३ जुलै

आज विचित्र प्रकार. पॅटर्न मस्त चालू होता, मी कॉफीचा कप उचलायला बोर्डावरून हात नेला आणि पॅटर्न तुटला. परत हात नेला, परत तुटला. बोट आयसीपासून चार बोटं लांब असतानासुद्धा दिवे विझून पहिल्यापासून सुरू. सीडी४०१५ ची रिसेटची पिन मी मोकळीच सोडली होती. या प्रकारच्या, म्हणजे सीमॉस आयसींच्या इनपुटला जवळजवळ करंट लागतच नाही, मोकळी पिन म्हणजे अँटेना, हाताच्या आसपासच्या विजेच्या गुणगुणीनेसुद्धा ती ऑन-ऑफ होते. १०० के ने ग्राउंडला बांधली, गप्प झाली. मग वापरात नसलेल्या सगळ्या इनपुट पिना शोधून शोधून बांधल्या, सीडी४०७० चे तीन रिकामे गेट, सीडी४०१५ चा दुसरा अर्धा भाग, सगळं. मोकळं इनपुट ठेवायचं नाही हे डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं, वाचलेलंही होतं, पण हात नेल्यावर दिवे विझताना बघितलं तेव्हा खरं समजलं. प्रत्येक आयसीच्या पॉवर पिनेशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटरही लावून टाकला.

१६ जुलै

आवाज जोडले. जुनं घर ऑन असेल तर गुरू, ऑफ असेल तर लघु. गुरूला खालचा ड्रम, लघुला हायहॅट. पण मा ता रा हे तीन गुरू लागोपाठ येतात तेव्हा गेट तिन्ही ठोके ऑनच राहतो आणि ड्रम एकदाच वाजतो, म्हणून त्याचा क्लॉकशी अँड घेतला की तीन वेगळे ठोके मिळतात. लघुसाठी तेच, फक्त जुनं घर उलटं करून.

ऐकलं तर ड्रमचे चार ठोके यायला हवे होते आणि येत होते सहा. जास्तीचे दोन ज वर आणि न वर पडत होते, जिथे ड्रमने गप्प बसायचं तिथे! आणि हायहॅटचेही दोन जास्त, मा वर आणि भा वर.

जागा बघितल्यावर उलगडा झाला. ज च्या आधी रा आहे, न च्या आधी भा आहे, दोन्हीकडे गुरूवरून लघुवर उतरायचं आहे. क्लॉक वर जातो, पण रजिस्टर तो ठोका ऐकून मग बदलतो, त्यात काही नॅनोसेकंद जातात. तेवढ्या वेळात क्लॉक नवा असतो आणि अक्षर जुनं, अँडला दोन्ही ऑन दिसतात आणि तो इमानदारीत एक ठोका देतो. स्कोपवर टाइमबेस पार खाली आणल्यावर दिसला, सुईसारखा एक काटा. डोळ्याला काहीच नाही, पण ड्रम मॉड्यूलच्या ट्रिगर इनपुटला तेवढं पुरतं.

क्लॉकची एक प्रत उशिरा न्यायची असं ठरवलं. १० के आणि १० नॅनोफॅरड, पुढे श्मिट, म्हणजे साधारण ०.१ मिलिसेकंद उशीर. कानाला तो कळणं शक्य नाही, पण रजिस्टरला सावरायला तो वेळ डोंगराएवढा आहे. रजिस्टरला मूळ क्लॉक, अँडला उशिराचा. ड्रमचे चार, हायहॅटचे चार. स्वच्छ.

अँडसाठी सध्या लॉजिक मॉड्यूलच वापरतेय, बोर्डावर नंतर डायोडने करेन.

१९ जुलै

आता खरं काम. आतापर्यंत गुरू आणि लघु दोघांनाही एकच ठोका मिळतोय, हे वृत्ताच्या दृष्टीने चूक आहे. गुरूला दोन मात्रा मिळायला हव्यात. चार लघु आणि चार गुरू म्हणजे १२ मात्रांचं चक्र.

कल्पना अशी की वाजणारं अक्षर गुरू असेल तर पुढचा एक ठोका गिळायचा. गिळला की नाही हे लक्षात ठेवायला एक फ्लिप-फ्लॉप (एक बिट धरून ठेवणारं सर्किट), सीडी४०१३ मधला अर्धा. अक्षर गुरू आहे आणि अजून गिळलेला नाही, तर रजिस्टरकडे जाणारा क्लॉक अडवायचा. जोडलं, चालू केलं, आणि चक्र आठच ठोक्यांत संपलं. गुरूसुद्धा एकाच मात्रेत उरकत होता आणि मधूनच रजिस्टर एक घर उडी मारत होता.

२० जुलै

कागद-पेन्सिल घेऊन बसले, एकेक कड काढली. क्लॉक वर जातो, दार बंद आहे म्हणून रजिस्टर हलत नाही, इथपर्यंत ठीक. पण त्याच क्षणी फ्लिप-फ्लॉप लिहून ठेवतो की एक गिळला, म्हणून दार लगेच उघडतं, आणि क्लॉक अजून वरच आहे! रजिस्टरला वाटतं नवा ठोका आला. म्हणजे ठोका गिळलाच जात नव्हता, फक्त जरा उशिरा पोचत होता.

क्लॉक वर असताना दार हलताच कामा नये. त्यासाठी सीडी४०१३ चा उरलेला अर्धा वापरला, त्याला उलटा क्लॉक दिला, म्हणजे दार उघडायचं की नाही हे तो क्लॉक खाली येताना ठरवतो आणि पुढच्या वेळी खाली येईपर्यंत तो निर्णय धरून ठेवतो. एक फ्लिप-फ्लॉप आठवण ठेवतो, दुसरा दार धरून ठेवतो. उरलेले दोन नँडही यातच संपले, एक प्रश्नाला, एक दाराला.

चालतंय. क्लॉक काउंटरने मोजले, बरोबर १२.

कानाने खात्री करायची म्हणून एक वेगळी चाचणी घेतली. रजिस्टर य गणावर (० १ १) आला तेव्हा क्लॉक थांबवला, फीडबॅकची वायर काढली आणि जुनं घर सरळ डेटाला जोडलं. आता तीच तीन अक्षरं गोल फिरणार, य य य य, म्हणजे भुजंगप्रयात. क्लॉक सुरू केला. ल गाऽ गाऽ, ल गाऽ गाऽ, पाच मात्रांची ती चाल, हायहॅट आणि खालच्या ड्रमवर. लहानपणापासून कानात बसलेली लय पाच आयसींमधून येताना ऐकून अंगावर काटा आला. त्यात एक मात्राही इकडेतिकडे झाली असती तर मला लगेच कळलं असतं, स्कोपपेक्षा लवकर.

२३ जुलै

सूर. तीन घरांचं आर-टूआर शिडीने (एकपट आणि दुप्पट रेझिस्टरची जोडणी) व्होल्टेज केलं, १०० के चे रेझिस्टर, जिथे दुप्पट हवा तिथे दोन जोडून. जुन्या घराचं वजन सगळ्यात जास्त ठेवलं, ४, मग २, मग १. यमाताराजभानस या क्रमाने आकडे येतात ३ ७ ६ ५ २ ४ ० १, म्हणजे आठ पायऱ्या, प्रत्येक चक्रात एकदाच, कुठलाही सूर दोनदा नाही. १२ व्होल्टवर एक पायरी दीड व्होल्टची, एक व्होल्टला एक सप्तक या हिशोबात फारच मोठी, म्हणून खाली आणायला पॉट (फिरवायचा रेझिस्टर) लावला तर सगळी व्होल्टेजं आणखी निम्मी झाली, कारण शिडी स्वतः १०० के आणि पॉटही १०० के. मध्ये टीएल०७२ चा बफर (पुढचा भार मागे जाऊ न देणारा) टाकल्यावर सरळ झालं. पुढे क्वांटायझर, म्हणजे व्होल्टेज जवळच्या सुरावर बसवणारं मॉड्यूल.

म गण सगळ्यात वरचा सूर आणि तो दोन मात्रा थांबतो, मग त र अशी दोन-दोन मात्रांची उतरण, आणि न स ला खालचे दोन सूर झटपट. उंच सूर लांब आणि खालचे आखूड हे आपोआप जुळलंय, कारण दोन्ही त्याच जुन्या घरावरून ठरतात. मी हे ठरवून केलं नव्हतं, पण ठरवलं असतं तरी असंच केलं असतं.

२६ जुलै

तीन बिटांची चक्रं दोनच असतात असं वर लिहिलंय. दुसरं म्हणजे हेच उलट दिशेने वाचलेलं. त्यासाठीही तक्ता मांडला आणि नियम निघाला, नवं उलटं करा, त्याचा मधल्याशी ऑर, मग जुन्याशी एक्सॉर. म्हणजे मधलं आणि नवं यांची फक्त अदलाबदल! दोन वायरी. एका डबल पोल स्विचमध्ये बसतं.

लावला. स्विच वर, यमाताराजभानस. स्विच खाली, न स ज र य म त भ, म्हणजे ल ल ल गा ल गा गा गा. मात्रा दोन्हीकडे १२च. आणि दोन्ही चक्रांत आठही गण असल्यामुळे चालू असताना कधीही स्विच हलवा, रजिस्टर जिथे असेल तिथूनच दुसऱ्या वाटेने निघतो, अडकत नाही. चक्राच्या मध्येच स्विच फिरवत अर्धा तास वाजवलं, खाली १६ ठोक्यांचा साधा बास ठेवून. १२ आणि १६ परत एकत्र येतात ४८ व्या ठोक्याला, तिथे दर वेळी कुणीतरी घरी आल्यासारखं वाटतं.

३० जुलै

परफबोर्डवर सोल्डर केलं, अँड आता बोर्डावरच, डायोड आणि रेझिस्टरचे. एलईडीला पहिल्यांदा १ के लावला होता तर गेटचं व्होल्टेजच खाली बसलं, हे आयसी थोडाच करंट देऊ शकतात, म्हणून प्रत्येक एलईडीला स्वतःचा ट्रान्झिस्टर दिला. पॅनेलवर तीन दिवे उभे, जुनं वर, नवं खाली, आता ते बघून गण वाचता येतो. क्लॉक हळू ठेवला की मी मनात म्हणत जाते, य, म, त.

सीडी४०१५ मधलं चौथं घर रिकामंच आहे. चार बिटांची अशी चक्रं १६ निघतात, प्रत्येकी १६ अक्षरांची. त्या पिनेला एक वायर लावून बोर्डाच्या कडेला आणून ठेवलीय.